टिकलीखालचा लाल दिवा

मित्रांनो, मी एक जुना निळा ट्रॅक्टर आहे. चामोर्शी तालुक्यातल्या धानाच्या गावात माझं आयुष्य गेलं. म्हातारे लोक सगळं पोटात घालतात, असं तुम्हाला कोणी शिकवलं असेल, तर मी त्यातला नाही हे आधीच सांगून ठेवतो.

मुखरूभाऊंनी मला नवाकोरा घरी आणला, तेव्हा त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी ओतलं आणि हळदकुंकू लावलं. मी बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, चिखल केला, वराती ओढल्या, मोहफुलांची पोती बाजारात नेली. लोक म्हणायचे, मुखरूचा ट्रॅक्टर कधी रुसत नाही. त्याला कारण होतं. भाऊ माझ्या इंजिनात नेहमी जाड तेलच भरायचे. माझे भाग झिजले होते, त्यांच्यातल्या फटी वाढल्या होत्या. जाड तेल तिथे टिकून राहतं. पातळ तेल निसटतं, मग लोखंड लोखंडाला खातं.

यंदा रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, तोंडावर भाऊंचा मुलगा दिनेश सुट्टीवर आला. तो सूरजागडच्या खाणीकडे खनिजाचा ट्रक चालवतो. येताना त्याने तेलाचा एक डबा आणला होता.

"बाबा, हे नव्या टरकाचं तेल हाय. लय महागाचं! म्हातारा जवान होऊन जाईन."

"आपल्याले जमन का पण?" भाऊंनी विचारलं.

"काऊन नाई जमणार? म्या रोज गाडी चालवून राह्यलो ना!"

भाऊंनी मग त्याला जुनं तेल काढू दिलं. पाण्यासारखं पातळ तेल माझ्या पोटात गेलं. इंजिन तापलं, तसा तेलाचा दाब उतरला आणि माझ्या मीटरजवळचा लाल दिवा लागला. मित्रांनो, दुखलं तर सांगायला माझ्याकडे तेवढा एकच दिवा आहे. दिनेशने तो पाहिला. आता बापाला काय तोंड दाखवणार? त्याने घरातून बायकोच्या पाकिटातली मोठी काळी टिकली आणली आणि दिव्यावर चिकटवली.

संध्याकाळी रुखमाबाईंनी ती पाहिली आणि पोराचं कौतुकच केलं. "बरं केलं बापा, काळा टिका लावला. टॅक्टरले लोकायची नजर लागून राह्यली होती." भाऊंनी तर टिकलीला हात लावून नमस्कार केला. मी आतून जळत होतो आणि घरदार माझ्या तोंडात कोंबलेल्या बोळ्याला हात जोडत होतं! त्याच वेळी मी ठरवलं, दिनेशला सोडायचं नाही.

बंद पडणं सोपं होतं. पण रोवणाऱ्या बाया दोन दिवसांनी येणार होत्या. चिखल झाला नसता तर त्या पुढच्या गावाला गेल्या असत्या, आणि परे, म्हणजे धानाची रोपं, जागेवरच वाढून वाया गेले असते. त्या पऱ्यांत भाऊंचं वर्षाचं धान होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी मी दात खाऊन बांधीमागून बांधी चिखल करत राहिलो. मात्र तापत गेलो. मुद्दाम तापलो, असंच समजा.

शेवटची बांधी राहिली होती. दिनेशची बायको निशा शिदोरी घेऊन बांधावर आली, भाऊही आले. तेवढ्यात टिकलीचा डिंक वितळला. टिकली घसरली आणि माझा दिवा सगळ्यांसमोर लालबुंद पेटला.

"बंद कर! आधी बंद कर!" भाऊ ओरडले.

निशाने टिकली उचलली. "हे तं माह्या पाकिटातली हाय! तुमी दिवा झाकाले नेली?"

भाऊ दिनेशसमोर येऊन उभे राहिले. "तेल चुकलं तं चुकलं रे. दिवा काऊन झाकला?"

शेवटची बांधी दिनेशनेच केली, शेजाऱ्याचे बैल मागून, गुडघाभर चिखलात. आगाऊ पाहायला आलेल्या दोन रोवणाऱ्या बाया बांधावर बसून हसत होत्या. त्या हसण्याने माझं इंजिन थंड झालं. भाऊंनी माझं तेल काढलं, चामोर्शीहून जाड तेल आणून भरलं. रोवणी वेळेवर झाली. माझी आतली ठकठक मात्र कायमची राहिली.

तुम्हाला वाटेल, फिटलं. मला तसं वाटत नव्हतं, आणि निशालाही नाही. दिनेश कामावर परत निघाला, त्याच्या आदल्या दिवशी ती माझ्याशेजारी उभ्या असलेल्या त्याच्या मोटरसायकलपाशी आली. पेट्रोल संपत आलं की लागणाऱ्या दिव्यावर तिने तीच टिकली दाबून बसवली. काळ्या मीटरवर काळी टिकली, कोणाला दिसणार? मी सगळं पाहिलं आणि गप्प राहिलो. आलापल्लीच्या जंगलात त्याची गाडी बंद पडली. भर पावसात तो ती ढकलत गेला, असं त्यानेच फोनवर सांगितलं. निशा म्हणाली, "नजर लागली असन."

मित्रांनो, जुन्या यंत्राला त्याच्या वयाचं तेल द्या. चुकून दुसरं दिलंत, तर निदान त्याचा दिवा झाकू नका. दिनेश आता सुट्टीवर आला की जाड तेलाचा डबा घेऊन येतो, माझ्या बोनेटवरून हात फिरवतो, आधी दिवा पाहतो. चांगली गोष्ट आहे. भाऊंनी किल्ली फिरवली की मी एका दमात सुरू होतो. दिनेशने फिरवली तर अजूनही होत नाही.