खुर्ची ती, शी की इट?

लाकडापुढे सुतार कधी हटला नव्हता, पण इंग्रजीपुढे त्याला घाम फुटला. कार्यालयात नवे साहेब आले होते. मराठी ते मोडकीतोडकी बोलत, वाचता मात्र अजिबात येत नसे. त्यांनी फर्मान काढलं, दुरुस्तीची प्रत्येक चिठ्ठी इंग्रजीत हवी. महिनाभरात जमलं नाही तर काम बाहेरच्या कंत्राटदाराला. अठरा वर्षांची नोकरी, आणि जाणार कशापायी, तर स्पेलिंगपायी!

घरी सासूबाई होत्या. जन्मभर इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. विद्यार्थ्यावाचून त्यांचा हात नुसता शिवशिवत होता. जावईच तावडीत सापडल्यावर लाल पेन बाहेर निघालं.

"वाक्य संपलं की फुलस्टॉप," त्या म्हणाल्या. सुतारानं तो असा ठोकला की खालच्या दोन पानांना भोक पडलं.

"निर्जीव वस्तूला इट म्हणायचं. टेबल इट, कपाट इट, खुर्ची इट."

"खुर्ची ती असते, आई. कपाट ते, पलंग तो. रोज हाताखालून जातात, मला माहीत नाही?"

"इंग्रजीत तसं नसतं, जावईबापू."

"का नसतं?"

"ते विचारायचं नसतं."

सुताराला पटलं नाही ते नाहीच.

शुक्रवारी पहिली खरी चिठ्ठी लिहायची वेळ आली. चार नंबरच्या खोलीत मोठ्या बाई बसत. हेडक्लार्क, निवृत्तीला आलेल्या, गुडघ्यानं बेजार, तरी अख्खं कार्यालय त्यांना टरकून असे. त्यांची खुर्ची कुरकुरत होती. सुतारानं पेन उचललं आणि 'चेअर'मध्ये ए आधी की आय आधी, इथेच गाडं अडलं. चुकलं तर नोकरी गेली. मग त्यानं तो शब्दच गाळला. सर्वनामं असतात कशाला?

'रूम नंबर फोर. शी इज व्हेरी ओल्ड. वन लेग इज वीक. शी मेक्स नॉइज ऑल डे. ऑन मंडे आय विल टेक हर आउट. न्यू वन इज कमिंग.'

स्पेलिंग एकही चुकलं नाही, फुलस्टॉप सगळे जागच्या जागी. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचताच सही केली आणि चिठ्ठी सूचनाफलकावर लागली.

सोमवारी सुतार करवत घेऊन खोलीत शिरला, तर मोठ्या बाई खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेल्या, डोळे रडून लाल.

"हात तर लावून बघ! गुडघा दुखतो म्हणून मला बाहेर काढता? आणि ही नवीन कोण येतेय?"

सुताराला काही कळेना. "बाई, उठा ना. हिचा पाय कापून नवा लावायचाय."

बाईंनी अशी किंकाळी फोडली की साहेब धावत आले. एवढी आदळआपट खुर्चीला सोसली नाही. तिचा अधू पाय काडकन मोडला आणि बाई जमिनीवर आल्या. मग कुठे 'शी' कोण, ते सगळ्यांना समजलं.

"माफी लिहून दे," साहेब गरजले. "इंग्रजीत! आत्ता! नाहीतर कंत्राटदार!"

सुतारानं कागद पुढे ओढला. चुकलंच आपलं, सासूबाईंचं ऐकायला हवं होतं. आता तो अक्षरही इकडचं तिकडे करणार नव्हता.

'मॅडम इज नॉट ओल्ड. इट इज व्हेरी गुड. इट हॅज टू स्ट्राँग लेग्ज.'

बाईंनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि जमिनीवर बसल्या बसल्याच पोट धरून हसू लागल्या.

"साहेब," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "याला इंग्रजी शिकवण्यापेक्षा तुम्हीच मराठी लिहायला-वाचायला शिका. त्यात पाय मोडायची भीती कमी."

न वाचता सही केलेले साहेब ओशाळले आणि त्यांनी इंग्रजीचं फर्मान मागे घेतलं. महिन्याभरानं साहेब वही घेऊन सुतारापुढे बसले होते. अक्षरं जुळवत त्यांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'माझा खुर्ची मोडला.'

सुतारानं सासूबाईंकडून मागून आणलेलं लाल पेन काढलं. "माझी. मोडली. खुर्ची ती असते, साहेब."

"का असते?"

सुतारानं लाल पेनाला टोपण लावलं.

"ते विचारायचं नसतं," तो म्हणाला.