पिकिटप

रायभानला इंग्रजी येतं, ही बातमी राणीसावरगावात त्याच्या सासऱ्यानं पसरवली होती. सासऱ्याला ती खुद्द रायभाननंच दिली होती. मानवतच्या जिनिंगमध्ये रायभान कामाला होता. लग्नाच्या बोलणीत कुणीतरी शिक्षणाचं विचारलं, तेव्हा दहावीला इंग्रजीत गटांगळी खाल्ल्याचं सांगायच्या ऐवजी तो म्हणाला, "इंग्रजी घेऊन दहावीला बसलेलो हाय." यात खोटं काहीच नव्हतं. पण येडबाला, म्हणजे सासऱ्याला, त्यातलं 'इंग्रजी' तेवढंच ऐकू आलं. चार वर्षांत त्यानं ते वाढवत वाढवत जिनिंगचा मालक जावयाशी इंग्रजीतच बोलतो, इथवर आणून ठेवलं.

सत्त्याऐंशी साली रायभान बायकोला घेऊन सासरवाडीला आला आणि नेमकं त्याच आठवड्यात मेंढ्यांच्या लसीचं शिबिर लागलं. लस घेऊन येणारे डॉक्टर केरळकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं, हिंदी जेमतेम. सोबतीला परभणीहून एक सुपरवायझर येणार होता, पण नामांतरावरून बंद पुकारलेला, एसट्या जागच्या जागी उभ्या. डॉक्टर तेवढे सरकारी जीपमधून आले. बर्फाच्या पेटीतली लस दुपारच्या आत संपवायची होती. माळावर दोनशे मेंढरं, त्यांचे मालक आणि सरपंच आबासाहेब, सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले.

"आमचे जावई हायेत की!" येडबा म्हणाला.

रायभान मागच्या मागं सरकला. तो म्हणाला, "मामा, माझ्या अंगात जरा कसर हाय आज." पण तोवर दोघांनी त्याचे दंड धरून त्याला पुढं केलं होतं. त्यानं जाताजाता पिशवीतून शाळेची शब्दार्थाची वही तेवढी काढून घेतली. इंग्रजीचा पेपर परत द्यायचा म्हणून ती तो सगळीकडं बाळगत असे.

डॉक्टर एका मेंढीकडं बोट करून घाईघाईनं म्हणाले, "पिकिटप!"

रायभाननं वही उघडली. 'प'चं पान दोनदा वरून खाली पाहिलं. पिकिटप नव्हतं.

"काय म्हणायलेत सायेब?" येडबानं विचारलं.

"जरा अवघड शब्द हाय, मामा. वरच्या वर्गातला."

तेवढ्यात रायभानची बायको कासाबाई पुढं झाली. तिनं मेंढी दोन्ही हातांनी उचलून लाकडी फळीवर ठेवली. डॉक्टर "गुड, गुड" म्हणाले आणि सुई टोचली. कासाबाई शाळेच्या वाटेला कधी गेली नव्हती, पण डॉक्टरांचा हात कुठून कुठं फिरतो हे तिनं बघितलं होतं.

पुढची मेंढी येडबानं उचलली. सुई झाली. डॉक्टर म्हणाले, "पुट इट डाऊन."

हा मात्र रायभानला ओळखीचा वाटला. पुट ऐकू आलं, डाऊन ऐकू आलं. मधलं काहीतरी सांडलेलं असावं असं समजून त्यानं पान उलटलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे घ्या! पुट डाऊन, म्हणजे दडपून टाकणे!"

"कुणाला?"

"मेंढीला, मामा. सायेबांचा हुकूम हाय."

येडबानं मेंढी खाली आपटली आणि तिच्यावर बैठक मारली. मेंढीनं असा टाहो फोडला की बाकीचा कळप उधळला. डॉक्टर "नो! नो!" ओरडत धावले आणि येडबाला बखोटीला धरून उठवलं. आबासाहेब मिशीत हसले. "येडबा, तुझ्या जावयाचं इंग्रजी निजामाच्या काळचं दिसायलंय."

येडबाचा चेहरा पडला. रायभानला वाटलं, आता जीपखाली जाऊन लपावं. कळप गोळा करायच्या निमित्तानं कासाबाई त्याच्याजवळ आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अवो, त्ये 'पिक' म्हणत्यात, मंग मधी मेंढी घालत्यात, मंग 'अप' म्हणत्यात."

"मधी मेंढी?"

"एक आसली की 'इट'. आत्ता त्या मेंढरवाल्या भुजंगमामानं पळणाऱ्या दोन धरल्या तवा 'देम' म्हणले. ऐका की जरा कान देऊन."

रायभाननं कान दिला. खरंच की! 'पिक अप' वहीत होतं, उचलणे. इतका वेळ तो सापडत नव्हता, कारण त्याच्या पोटात मेंढी होती! त्याला एकदम हुशारी आली. तो छाती काढून मेंढरं धरणाऱ्यांवर ओरडला, "पिक अप इट!"

"नो," डॉक्टर म्हणाले. "पिक इट अप." आणि घाईतही, वर्गात उभं राहिल्यासारखं, बोटांवर मोजून त्यांनी सांगितलं, "पिक अप द शीप, राइट. पिक द शीप अप, राइट. पिक इट अप, राइट. पिक अप इट, राँग!"

रायभान बायकोकडं वळला. "शीप म्हणजे मेंढी. ती मधी बी चालती, मागं बी चालती. पण 'इट' मागं चालत न्हाई. कामून?"

कासाबाईनं फार विचार केला नाही. "'इट' बारकं हाय ना. मोठी मेंढी मागं ऱ्हायली तरी येती. कोकरू मागं सोडलं की गेलं. त्याला मधीच घ्यावं लागतं."

ही गोष्ट रायभानच्या मास्तरांनी वर्षभर फळ्यावर लिहून त्याला उमगली नव्हती. पुढचे दोन तास तो "पिक इट अप, पुट इट डाऊन, टेक देम अवे" असा गरजत राहिला. मेंढरं भराभर फळीवर चढली-उतरली. डॉक्टर खूष. येडबाची मान परत सरळ झाली.

दुपार व्हायच्या आत लस संपली. तीन मेंढ्यांच्या खुरात जखमा होत्या. डॉक्टरांनी लाल औषधाची पुडी रायभानच्या हातात दिली आणि म्हणाले, "लुक आफ्टर देम."

'लुक आफ्टर' वहीत होतं. काळजी घेणे. रायभाननं 'देम' उचलून अगदी निगुतीनं मधे ठेवलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "येस सर! आय विल लुक देम आफ्टर!"

डॉक्टर हसले. "नो, नो. लुक आफ्टर देम."

रायभानचा संयम तिथं सुटला. तो डॉक्टरांसमोर बोट नाचवत म्हणाला, "व्हाय सर? पिक इट अप, इट मिडल! पुट इट डाऊन, इट मिडल! लुक आफ्टर देम, देम बॅक! व्हाय बॅक? हू टोल्ड?"

डॉक्टरांनी डोकं खाजवलं.

"आय डोन्ट नो," ते शेवटी म्हणाले. मग हसून त्यांनी आपला तळहात पुढं केला, दुसऱ्या हातानं त्यावर छडीचे चार फटके मारून दाखवले आणि म्हणाले, "स्कूल. आय आल्सो." आणि रायभानचा हात हातात घेऊन जोरानं हलवला.

जीप धुरळा उडवत गेली. आबासाहेब पुढं आले आणि त्यांनी येडबाच्या पाठीवर थाप टाकली. "मी मगाशी बोललो ते माघारी घेतो. सायेबाला इंग्रजीत झापलं गड्यानं, आन् सायेबाला उत्तर सुचलं न्हाई!" येडबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिथल्या तिथं जावयासाठी कोंबडं कापायचं जाहीर केलं.

उन्हं कलल्यावर रायभान बाभळीखाली बसून एका मेंढीच्या खुराला औषध लावत होता. कासाबाईनं तिचे पाय धरले होते. तो म्हणाला, "कासे, एक सांगू? मला इंग्रजी येत न्हाई."

"ठाव हाय मला," ती म्हणाली.

"कवापसून?"

"लगीन झाल्यापसून. झोपेत पाढे म्हणता तुमी, इंग्रजी कवाच बोलत न्हाई."

रायभाननं ओशाळून वाटीतलं औषध बोटानं ढवळलं. कासाबाईनं मेंढीचा दुसरा पाय त्याच्या मांडीवर ठेवला.

"पर भांडलात लय झ्याक," ती म्हणाली.