दारात चालू मोटर

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळू लागलं आणि आमच्या ह्यांची एक खोड अख्ख्या हिवरखेडच्या डोळ्यांवर आली. हे भगवंतरावांची लॉरी चालवत. गावचा भाजीपाला भरायचा आणि अकोल्याच्या बाजारात न्यायचा. वाटेत ओळखीच्या प्रत्येक दारात थांबायचं, पण इंजिन म्हणून बंद करायचं नाही. हे निवांत सुपारी कातरत बोलताहेत आणि मागे मोटर आपली धडधडतेय.

लोक म्हणत, शालिकरामला हँडल मारायचा कंटाळा. मी बायको, मला खरं ठाऊक होतं. लॉरीच्या आधी हे बैलगाडी हाकत. आमच्याकडे रीत अशी, की पाहुण्यानं दारात बैल सोडले म्हणजे तो जेवूनच जाणार. जुंपलेले ठेवले तर तो वाटसरू, त्याला तांब्याभर पाणी दिलं की झालं. त्या महागाईत घरोघरची कणगी तळाला गेलेली. आपण मोटर बंद केली तर घरची बाई चूल पेटवील, या धास्तीनं हे मोटर जुंपलेलीच ठेवत. मन मोठं, अक्कल बेताची. हे मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे.

सगळ्यांत जास्त पेट्रोल जळायचं ते अकोटच्या अलीकडे, गंगूबाईंच्या दारात. गंगूबाई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, ह्यांना तिनंच लहानाचं मोठं केलं. आता नवरा नाही, मूलबाळ नाही, अंगात बळ नाही. तिला आपल्या घरी आणायचं, एवढी एकच गोष्ट ह्यांच्या मनानं घेतली होती. दर फेरीला दारात उभं राहून विचारायचे, "बाई, चाल माह्या घरी." ती मान हलवून नाही म्हणायची. मग हे तोंड पाडून घरी यायचे आणि ताटावर बसले तरी घास उतरायचा नाही. मला राग यायचा, तिचाही आणि ह्यांचाही.

शेवटी भगवंतरावांनी ह्यांना बोलावून घेतलं.

"शालिकराम, उभ्या मोटरीत पेट्रोल जयते. कुपन अर्ध्या महिन्यातच सरून राहिलं. थांबला का मोटर बंद कर. नाई जमत, तं चावी ठेव इथं."

"जमते, मालक," हे म्हणाले.

जमेल यावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. दुसऱ्या दिवशी वांग्यांच्या पोत्यांबरोबर मीही लॉरीत चढले.

गंगूबाईंच्या दारात लॉरी थांबली. ह्यांचा हात चावीवर गेला आणि तिथंच राहिला.

"मूठभर पीठ असंन तिच्या घरी," हे हळूच म्हणाले. "तेबी आपून खायचं?"

"हात दुखते का तुमचा?" म्हणत मीच चावी फिरवली.

एकदम शांत झालं. गंगूबाई बाहेर आल्या. बंद मोटरीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं आणि आत वळल्या. जरा वेळानं कौलांतून धूर निघाला. आम्ही हातपाय धुऊन आत गेलो तर पाट मांडलेला होता. अंबाडीची भाजी आणि गरम भाकर. मला भूक नाही म्हणून मी बाजूला बसले.

"बाई, आता तरी चाल माह्या घरी," हे म्हणाले.

"आतापावतर कशी येनार होती मी?" गंगूबाईंचा आवाज चढला. "तू माह्या दारात पानीबी उभ्यानं पेत होता. माह्या घरचा घास तुले चालत नाई, अन् मी तुह्या घरी जलमभर जेवू? भिकारीन हाओ का मी?"

ह्यांचे डोळे भरून आले होते. हातातला घास गिळला आणि ताट पुढे सरकवलं.

"आनखी एक भाकर दे."

गंगूबाईंनी पिठाचा डबा झटकला, भाकर थापली, वाढली. ह्यांनी ती संपवली.

"आनखी."

आता गंगूबाईंनी डबा उपडा करून दाखवला. "सरलं," त्या म्हणाल्या. इतक्या आनंदानं रिकामा डबा दाखवणारी बाई मी आजवर दुसरी पाहिली नाही. मलाच रडू आलं, ते धुरावर ढकललं.

"पोट भरलं का, भाऊ?"

"भरलं."

त्यांनी चुलीतली लाकडं ओढली आणि विस्तवावर पाणी शिंपडलं. मग माझ्याकडे वळून लटक्या रागानं म्हणाल्या, "पाह्य वो सत्यभामा, सारं खाऊन बसला. आता सांजच्याले मी काय खाऊ?"

"आपल्या घरी वरन-भाकर हाय, बाई," मी म्हटलं.

गंगूबाई आत जाऊन लुगड्यांचं गाठोडं बांधू लागल्या.