शोकेसमधलं सूत

टेबल एक

परदेशीपुऱ्यातल्या माहेरी ओट्याशी बसून अंबिका तूरडाळ निवडत होती. धाकटी बहीण ईशा ऑफिसातून आली, पर्स खुंटीला लावली आणि ताटातली डाळ बोटांनी सारून तिचे सहा ढीग केले.

"हे बघ, ताई. हे सहा टेबल. हॉल वरच्या मजल्यावर आहे, पूर्ण काचेचा. खाली पलासिया चौकाचा सगळा ट्रॅफिक दिसतो. दुपारची गिऱ्हाइकं यायच्या आत आपलं लग्न आटपलेलं."

"रेस्टॉरंटात लग्न."

"मग? चाळीस माणसं. बस. मला ती पाचशे लोकांची झुंबड नकोच. एकदम साधं पाहिजे."

निवडलेली आणि न निवडलेली डाळ आता एक झाली होती. अंबिकाला ती पुन्हा पहिल्यापासून निवडावी लागणार होती.

"आणि फुलं घरची," ईशा म्हणाली. "फुलवाल्याचे ते थर्माकोलचे बदाम नकोत. तू करशील. मुरंब्याच्या बरण्या घ्यायच्या, त्यात मोगरा, थोडी हिरवी पानं. अर्पितच्या आईला सांगितलं, तर म्हणाल्या, क्या बात है, किती टेस्ट आहे तुमच्याकडे!"

पहिला ढीग अण्णा, आई आणि अर्पितच्या आईवडिलांचा. दुसरा नवरा-नवरीचा, म्हणजे अर्पित-ईशाचा, आणि ऑफिसवाल्यांचा. ईशा बोट ठेवत गेली. चौथ्या ढिगात अंबिकाचा नवरा चिंतामण आणि सासू आनंदीबाई. सहा ढीग संपले.

"आणि मी?"

"तू?" ईशा हसली. "तू तर फुलांतच असशील ना. फिरती."

दोन-चार दाणे ताटाच्या काठाला लागून राहिले होते. ते अंबिकाने उचलून कुठल्याशा ढिगात टाकले.

तेव्हा

तेव्हाही चाळीसच माणसं होती.

अंबिकाचं लग्न ठरलं तेव्हा अण्णा मिलच्या सूतकताई खात्यात होते. मिलच्या कामगारांसाठी हॉल होता, तो ठरवलेला. पत्रिका वाटून झाल्या आणि एका सकाळी मिलच्या फाटकाला कुलूप दिसलं. हॉल फाटकाच्या आत.

मग लग्न खजरान्याला, देवळाच्या आवारात. पाहुण्यांना आई घरोघर जाऊन सांगून आली की तुम्ही आलात तर आनंदच आहे, पण नाही आलात तरी आम्ही समजून घेऊ. बहुतेकांनी समजून घेतलं. फुलदाण्या नव्हत्या म्हणून स्टीलच्या पेल्यांत झेंडू ठेवला. मुंडावळ्या घरी ओवल्या.

साधं. छोटं. घरची फुलं.

कोणी टेस्ट म्हणालं नव्हतं. बायका आईच्या पाठीवर हात फिरवत होत्या, जणू घरात कोणी गेलं आहे.

टेबल चार

"साधं करतेय म्हणे तुझी बहीण," आनंदीबाई म्हणाल्या. "चांगलंय. ज्याला परवडतं त्याने साधं करावं."

अंबिकाने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"फक्त मुंडावळ्या नीट ओवा म्हणावं. आमच्या वेळेसारखं नको."

आमच्या वेळी म्हणजे अंबिकाच्या लग्नात. मंगलाष्टकं चालू होती. शेवटच्या ओळीला तिच्या कपाळावरची मुंडावळी तुटली आणि फुलं अंतरपाटाखालून घरंगळत नवरदेवाच्या पायाशी गेली. तेवढ्यावर निभावलं असतं. गुरुजींनी पाहिलंसुद्धा नव्हतं. पण तिच्यामागे कलश घेऊन करवली उभी होती, शाळेच्या रिबिनी बांधलेली ईशा. ती देवळाला ऐकू जाईल अशी ओरडली, "ताईची मुंडावळी तुटली!"

चिंतामणची पहिली नोकरी गेली तेव्हा आनंदीबाईंना मुंडावळी आठवली. अंबिकाचं पहिलं मूल राहिलं नाही तेव्हा आठवली. सासरे घसरून पडले तेव्हाही. मोटर बिघडून वरच्या टाकीत पाणी चढेना, तेव्हाही त्या "मी म्हणत नाही, पण" म्हणाल्या होत्या.

"नीट ओवेन," अंबिका म्हणाली.

टेबल दोन

"करवली कोण आहे गं?" अंबिकाने विचारलं. सियागंजच्या बाजारातून आणलेल्या बरण्या दोघी मिळून धूत होत्या. म्हणजे अंबिका धूत होती, ईशा मोबाइलवर बोलून झाल्यावर एखादी पुसत होती.

"शिखा ना. माझ्या ऑफिसची. आली होती बघ दिवाळीला."

"ती तर मराठीपण नाही, पोरवाल की कोण."

"मग काय झालं? तिला सगळं समजावलंय. कलश धरून मागे उभं राहायचंय, रॉकेट थोडीच उडवायचंय. तिने माझ्या साडीला मॅचिंग लहंगापण शिवलाय."

"बहीण असते करवली."

"यार ताई, तुझं लग्न झालेलं आहे."

"मामाच्या सुजयच्या लग्नात त्याची लग्न झालेली बहीणच होती."

"अगं, पण तू फुलं बघणार ना? दोन्ही कसं करशील?" ईशाने बरणी उजेडात धरली. "इथे लेबलचा गोंद राहिलाय, बघ."

अंबिकाने बरणी घेतली आणि नखाने गोंद खरवडला. शिखाच्या हातातला कलश तिला लख्ख दिसत होता. तो या घरचाच होता. दर पाडव्याला तीच तो चिंचेने घासायची.

शोकेस

अण्णांच्या घरात पुढच्या खोलीत काचेचं शोकेस आहे. त्यात ईशाची कॅरमची ढाल, आईचा लोकरीचा ससा आणि मधोमध सुताचा कोन: कागदी शंकूवर गुंडाळलेलं पांढरं सूत. मिलच्या शेवटच्या पाळीत अण्णांच्या मशीनवरून उतरलेलं. समोरच्या खिडकीतून रोज दुपारी त्यावर ऊन येतं. एक बाजू पिवळी पडली की अण्णा कोन थोडा फिरवून ठेवतात. आता सगळ्याच बाजू पिवळ्या झाल्या आहेत.

अंबिकाने आपल्या लग्नात ते सूत मागितलं होतं.

"अण्णा, मुंडावळ्यांना घेऊ का थोडं? शिलाईचं रीळ फार बारीक आहे."

"नाही. मिल सुरू झाली की लागेल. साहेबांना दाखवीन, कसं सूत निघत होतं ते."

"थोडंसंच."

"सांगितलं ना, नाही म्हणून."

तिने ब्लाउजच्या रिळावर फुलं ओवली. पुढचं आनंदीबाईंना पाठ आहे.

मिल सुरू झाली नाही. मशिनं भंगारात गेली, धुराडं तेवढं उभं राहिलं. अण्णांनी पुढे कापडाच्या दुकानात नोकरी धरली, सोडली, दुसरी धरली. शोकेसला मात्र कोणी हात लावला नाही.

लग्नाच्या दिवशी उजाडता उजाडता अंबिका माहेरच्या जमिनीवर ओल्या पंच्यावर मोगऱ्याच्या कळ्या पसरून बसली होती. अण्णा अंघोळ करून आले, शोकेस उघडलं आणि कोन बाहेर काढला. कोणी मागितला नव्हता.

"ईशूच्या मुंडावळ्या यावर ओव."

अंबिकाने हातातली कळी खाली ठेवली.

"अण्णा, हे तर मिल..."

"कुठली मिल आता." ते खाली बसले. धोतर वर घेऊन, तळवा ओला करून त्यांनी मांडीवर चार पदर एकत्र वळले. हात अजून सराईत होता. "एकच तर पोरगी राहिली आहे घरात."

वळलेलं सूत त्यांनी तिच्या मांडीवर ठेवलं आणि पेपर वाचायला निघून गेले.

अंबिकाने ते दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणलं.

तुटलं. आवाजसुद्धा झाला नाही. तिने दुसरीकडे धरून पाहिलं. तिथेही. वर्षानुवर्षांच्या उन्हाने सूत आतून मेलं होतं. दिसायला सूत, ताकदीला राख.

तिच्या पर्समध्ये नायलॉनच्या दोऱ्याचं नवं रीळ होतं.

तिला उठायचं होतं. पर्स तर हाताच्या अंतरावर होती. आतून ईशाचं हसणं ऐकू आलं. कोणीतरी तिला मेंदीवरून चिडवत होतं, आणि ती, जिला सगळं मागून मिळालं, न मागताही मिळालं, "अरे भिया, छोडो ना यार" म्हणत खिदळत होती. साधं लग्न तिचं. टेस्ट तिची. कलश तिच्या मैत्रिणीचा. आणि सूतही तिचंच.

अंबिकाने जो भाग तुटला नव्हता तो सुईत ओवला.

ती काही तोडणार नव्हती. दिलं होतं त्यावर ओवणार होती, इतकंच. सूत दिलं अण्णांनी. तुटलं तर तुटलं. मग ईशाच्याही सासरी टाकीत पाणी न चढल्यावर कोणाला तरी काहीतरी आठवेल.

तिने फार सुंदर मुंडावळी ओवली. कळीला कळी लागून, मध्ये मरव्याची हिरवी काडी. आई येऊन म्हणाली, "तुझ्या हाताला तोड नाही गं." अंबिकाने सुई खाली ठेवली नाही.

टेबल सहा, एसीखाली

"भिया, अक्षता मत फेंकना," मॅनेजर अण्णांना सांगत होता. "कार्पेट में चावल घुस जाता है. और हवन तो बिलकुल नहीं, अलार्म बज जाएगा."

"हवन घर पे है शाम को, इनके," अण्णा अर्पितच्या वडिलांकडे बोट करून म्हणाले. "और चावल की जगह फूल है. हमारी बड़ी ने किए हैं."

बड़ी सहाव्या टेबलापाशी उभी होती. सगळ्या टेबलांवर बरण्या मांडून झाल्या होत्या आणि लोक वाकून वाकून वास घेत होते. अर्पितच्या आईने तर एक बरणी उचलून आनंदीबाईंना दाखवली. "घरचं आहे सगळं, बरं का. कित्ती सिंपल!" आनंदीबाईंनी मान डोलवली. त्या आज सगळ्यालाच मान डोलवत होत्या.

मुंडावळी अंबिकानेच बांधली होती. मागे, अंबाड्याच्या वर, अगदी हलक्या हाताने.

अंतरपाट धरला गेला. ईशाच्या मागे शिखा उभी, लहंग्यात, कलश छातीशी घट्ट. मंगलाष्टकं सुरू झाली. एसीचा झोत बरोबर नवरीवर होता आणि गालांवरच्या सरी हलत होत्या. पहिलं कडवं झालं. दुसरं. लोक पाकळ्या टाकत होते. अर्पितने अंतरपाटावरून डोकावायचा प्रयत्न केला, गुरुजींनी डोळे वटारले, ईशाला हसू आलं आणि तिची मान खाली झुकली.

कपाळावरची ओळ डावीकडे एक बोटभर खाली आली.

अंबिकाला कळलं. मागे, गाठीजवळ, सूत गेलं. आता फक्त केसांत अडकून राहिलं आहे. अजून एकदा हसेल आणि संपलं.

तिने बरणीच्या काठावर हात ठेवला. आत काहीतरी गोड, उबदार पसरत होतं, लहानपणी चोरून खाल्लेल्या साखरेसारखं. चौथ्या टेबलावर आनंदीबाई पुढे सरकल्या होत्या. त्यांच्या तोंडाचा चंबू झाला होता, "मी म्हणत नाही, पण"च्या तयारीत. होऊ दे, अंबिकाला वाटलं. होऊ दे, होऊ दे, हिचंही होऊ दे.

आणि शिखाला दिसलं.

शिखाने मान वाकडी करून गाठीकडे पाहिलं. कलश डाव्या हातात घेतला. उजवा हात वर उचलला, मेंदी काढलेला, पाच अंगठ्यांचा, नवरीच्या केसांच्या दिशेने.

ती धरणार होती. ऑफिसातली ती मुलगी. अंबिकाची मुंडावळी, अण्णांचं सूत, ईशाचं डोकं, सगळं ती एका हाताने धरणार होती. मग सगळे म्हणणार होते, बरं झालं बाई करवलीचं लक्ष होतं.

अंबिका कशी गेली ते तिलाही कळलं नाही. एक बरणी आडवी झाली, पाणी कोणाच्या तरी पँटवर गेलं. तिने शिखाला कोपराने बाजूला केलं, कलशातलं पाणी हिंदकळलं, आणि ईशाच्या डोक्यामागे सुताची दोन्ही टोकं चिमटीत घट्ट पकडली.

"काय करतेयस?" ईशा ओठांतल्या ओठांत म्हणाली.

"पुढे बघ."

"केस ओढले जातायत!"

"जाऊ देत."

"दीदी, मैं कर लेती हूँ," शिखा म्हणाली.

"नहीं."

उरलेली सगळी मंगलाष्टकं ती तशीच उभी राहिली. अंतरपाट गेला, हार घातले गेले, ईशा वाकली तशी तीही वाकली. फोटोग्राफर हात हलवत म्हणाला, "दीदी, थोड़ा साइड में." दीदी साइडला झाली नाही. प्रत्येक फोटोत नवरीच्या डोक्यामागे तिची मूठ येणार होती.

आनंदीबाईंचं तोंड मिटलं.

टेबल दोन, पुन्हा

टाळ्या झाल्यावर अंबिका नवरीला पदर नीट करायच्या निमित्ताने हात धुवायच्या बेसिनपाशी घेऊन गेली आणि मूठ सोडली. मुंडावळी तिच्या हातातच उतरली.

ईशाने ती पाहिली. मग तिला.

"तुटली होती?"

"केव्हाची."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं की. मोठ्याने. तू सांगितलं होतंस तसं."

ईशाने आरशात पाहून कपाळावरचं कुंकू उगाचच नीट केलं.

"मी किती लहान होते, ताई."

"हो."

"आणि शिखाला ढकललंस का? बिचारीच्या लहंग्यावर पाणी पडलं."

"माझ्या जागेवर उभी होती."

बाहेर अण्णा अर्पितच्या वडिलांचा हात धरून सांगत होते, "बघितलंत ना? हललं नाही. आमच्या मिलचं सूत आहे ते, मी स्वतः काढलेलं. इतकी वर्षं झाली, पण काय बिशाद तुटेल." अंबिका बाहेर आली तसे ते तिच्याकडे वळले. "काय गं? होतं ना मजबूत?"

अंबिकाने मुठीतली टोकं पदराखाली घेतली. तिच्या लग्नाच्या वेळी हे सूत ताजं होतं. पांढरं होतं. दोरखंडासारखं राहिलं असतं. ते मिळालं नाही म्हणून तिची मुंडावळी सगळ्यांदेखत तुटली, आणि हिला कुजलेलं मिळूनही तुटलेलं कोणाला दिसलं नाही.

"होतं," ती म्हणाली.

वेटर पनीर घेऊन फिरत होते. तिला भयंकर भूक लागली होती. दुसऱ्या टेबलावर, नवरीच्या खुर्चीला लागून, एक खुर्ची रिकामी होती. पाठीवर शिखाची ओढणी टाकलेली. अंबिकाने ओढणीची घडी केली, बरणीशेजारी ठेवली आणि बसली.

शिखा लहंगा पुसून परत आली. "दीदी, ये मेरी..."

"चार नंबर पे बैठ जा, बेटा," अंबिका ताट पुढे ओढत म्हणाली. "मेरी सास के बाजू में जगह है."