छोट्या हत्तीवरची खोली

दोन हजार बावीस साल. संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते आणि हिंगोलीकडे थंडीने माणसं गारठून गेली होती. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, ग्यानबा पाटलांच्या कपाशीची पऱ्हाटी उपटलेल्या रानात मसाजी धनगराची मेंढरं लेंडीखतासाठी बसली होती. एकशे चाळीस मेंढरं, तीन कुत्री, चार माणसं, एक अठरा दिवसांचं लेकरू आणि ती गाडी.

गाडी म्हणजे जुना छोटा हत्ती टेम्पो. मसाजीच्या पोराने, रामने, पुण्यात वेल्डिंगच्या दुकानात तीन वर्षं काढली होती. टाळेबंदीत घरी आला तो हे वेड डोक्यात घेऊनच. गाडीच्या हौद्यावर त्याने लोखंडी पाइपांचा सांगाडा बसवला, वर जाड ताडपत्री ताणली. हँडल फिरवलं की छत वर उठायचं. चारी कोपऱ्यांच्या पाइपांत खिळी घातल्या की माणूस उभं राहील एवढी खोली तयार. खिळी काढल्या की छत खाली, आणि गाडी पुढच्या रानाला. आत फळीखाली ट्रॅक्टरची बॅटरी, तिच्यावर एक दिवा. बॅटरी भरायला मागे जनरेटर. ऊब द्यायला हौद्याखाली गॅसची लहान टाकी आणि आत तिला जोडलेली जाळीची शेगडी.

मसाजीची बायको सुभद्राबाई आधी पदराआड हसली होती. तिचा स्वतःचा राम जवळा बाजारच्या माळावर जन्मला, तेव्हा दोन गाभण मेंढ्यांच्या मधे त्याला निजवलं होतं आणि मेंढ्यांनीच त्याला ऊब दिली होती. पण नातीचं तसं नव्हतं. वैष्णवी आठव्या महिन्यातच झाली, पावणेदोन किलोची. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "महिनाभर हिची ऊब तुटू देऊ नका. गार पडली की गेली." सुनेला, राजनंदिनीला, माहेर उरलं नव्हतं. गावच्या घरात सहा-सहा तास लाईट नसायची, आणि मेंढरं तर चार माणसांशिवाय हालत नव्हती. म्हणून रामने दोन एडके विकले आणि लेकरासाठी शेगडी आणली.

खिडक्या तो वीतभर उघड्या ठेवायचा. त्यावरून बापलेकांची रोज जुंपायची.

"आत जाळ अन् खिडक्या उघड्या! आभाळ तापवून राहिला का रे?" मसाजी म्हणायचा.

"बा, गॅस कोंडला तर झोपेतच सारे जातील."

"मंग माही मेंढी बरी. ती कोंडत न्हाई."

आदल्या दिवशी दुपारी नाक्यावरचा पंक्चरवाला मुन्ना जनरेटरचा प्लग द्यायला आला. गाडी पाहून तो हरखला. रामलाही चेव आला. त्याने छत खाली-वर करून दाखवलं, बॅटरी दाखवली, जनरेटरची साखळी दाखवली.

"ही पाइपालाच काहून बांधली?" मुन्नाने विचारलं.

"चोरायला कोणी आला तर खीळ काढल्याबिगर साखळी सुटत न्हाई. अन् खीळ काढली की छत धाडकन त्याच्या टाळक्यात!" राम हसला.

मुन्नाही हसला. सुभद्राबाईने त्याला मेंढीच्या दुधाचा चहा दिला. त्याने आत वाकून लेकराकडे पाहिलं. "लई गोड हाय, मावशी," म्हणाला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, पण धुकं असं की दहा पावलांवरचं दिसेना. राजनंदिनी विहिरीवर लुगडी धुवायला गेली होती. मसाजी आणि राम मेंढरांकडे होते. सुभद्राबाई गाडीत नातीला मांडीवर घेऊन बसली होती. शेगडी पेटलेली होती. तेवढ्यात कुत्रं केकाटलं आणि मसाजीची आरोळी आली, "वाघर कापली! मेंढरं फुटली, धावा!"

वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. ती कापली म्हणजे चोर आला, हे धनगराच्या लेकराला चालता येण्याआधी कळतं. सात पिढ्या चोर आला तो मेंढरासाठीच. धनगराच्या बिऱ्हाडात दुसरं न्यायजोगं होतं तरी काय? सुभद्राबाईने विचार केलाच नाही. लेकरू फळीवर ठेवलं, भोवती घोंगडी लोटली, पाला तोडायची लांब दांड्याची कुऱ्हाड उचलली आणि ती धुक्यात धावली. विहिरीवरून राजनंदिनी धावली तीही मेंढरांकडेच. सासू लेकराजवळ आहे, हे ती धरूनच चालली होती.

पुढचं सगळं पाच-सात मिनिटांत झालं.

वाघरीजवळ काळं कुत्रं पाठ मोडून पडलं होतं आणि पुढच्या दोन पायांनी स्वतःला ओढत होतं. तोंड बांधलेला एक दांडगा माणूस लोखंडी पहार फिरवत होता. मसाजीने काठी हाणली, तिचे पहारेवर दोन तुकडे झाले. दुसरा घाव त्याच्या कपाळावर बसला. म्हातारा बसकण मारावी तसा खाली बसला आणि त्याचे डोळे रक्ताने भरून गेले. राम त्या माणसावर धावून गेला. पहार त्याच्या खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज सुभद्राबाईने ऐकला. तरी राम हटला नाही. एका हाताने त्या माणसाची मान धरून तो दातांनी त्याचा कान तोडत होता. बिथरलेली मेंढरं वाशिमच्या रस्त्यावर गेली. एक ट्रक ब्रेक लावत लावत त्यांच्यात शिरला. मेंढरांचं बें-बें एकदम वाढलं आणि मग बराचसा आवाज बंदच झाला.

सुभद्राबाईने कुऱ्हाड उगारली होती. त्याच वेळी एक चांगली दोन वर्षांची गाभण मेंढी त्या माणसाच्या पायात आली. हाताशी आयती आलेली मेंढी! आणि त्याने ती लाथेने बाजूला ढकलली.

सुभद्राबाई जागच्या जागी थांबली. मेंढीचोर मेंढी लाथाडत नाही.

मागे गाडीकडून लोखंड आपटल्याचा आवाज झाला. धाडकन.

ती वळली. त्या ढेकळांतून, पन्नाशी उलटलेली ती बाई, पोरीसारखी पळाली. धुक्यातून गाडी दिसली ती एका अंगाने बसलेली. मागच्या कोपऱ्याची खीळ काढली होती, छत तिरपं खाली आलं होतं आणि ताडपत्रीतून काळा धूर निघत होता. मुन्ना साखळी गळ्यात टाकून जनरेटर ओढत होता. बॅटरी त्याने आधीच मोटरसायकलवर बांधली होती.

"मुन्ना! लेकरू हाय आत! उचल ते छत!"

त्याने तिच्याकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "सरक म्हातारे," म्हणाला आणि तिच्या पोटात गुडघा मारला.

ती पडली ती उठताना घाव घालतच उठली. पहिला घाव साखळी धरलेल्या हातावर बसला. तीन बोटं जनरेटरच्या टाकीवर राहिली. मुन्ना हाताकडे बघत ओरडायला लागला. तिने दुसरा घाव खांद्यात घातला. तो गुडघ्यावर आला, "मावशी, न्हाई, मावशी," म्हणत दुसरा हात पुढे करत होता. आत लेकरू रडत होतं, तिला ते ऐकू येत होतं, आणि तरी तिने तिसरा घाव त्याच्या मांडीत घातला.

मग ती गाडीकडे धावली. वितळलेली ताडपत्री शेगडीच्या जाळीला चिकटून जळत होती. तिने कुऱ्हाडीने ताडपत्री टराटरा फाडली, लेकरू नेमकं कुठे आहे ते न दिसताच. प्लास्टिकचे जळते थेंब तिच्या हातांवर पडत होते. राजनंदिनी धुक्यातून आली, गाडीखाली सरपटत गेली आणि तापलेल्या गॅसच्या टाकीची चावी उघड्या हाताने बंद करून आली. दोघींनी मिळून पाइप वर रेटला. सुभद्राबाईने हात घातला आणि घोंगडीसकट लेकरू ओढून काढलं. लेकराचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता, डावा कानही. पण ते श्वास घेत होतं. मोठ्याने रडत होतं.

राजनंदिनीने ते हिसकावून छातीशी धरलं.

"आत्याबाई, तुमी आत न्हवत्या?"

"मेंढरं फुटली व्हती गं."

"मेंढरं?"

एवढंच ती बोलली. ओल्या लुगड्यात लेकरू गुंडाळून ती रस्त्यावर उभी राहिली. ट्रकवाला मेलेल्या मेंढरांकडे बघत डोक्याला हात लावून उभा होता. तिने त्यालाच हिंगोलीला न्यायला लावलं.

तोवर गावचे लोक काठ्या घेऊन आले. त्यांनी मुन्नाला असं तुडवलं, की ग्यानबा पाटील त्याच्या अंगावर आडवे पडले म्हणून तो जिवंत राहिला. पाटलांनाही चार काठ्या बसल्या.

सोळा मेंढरं रस्त्यावर मेली. पाठ मोडलेलं काळं कुत्रं रामने त्याच दिवशी दगड घालून हालांतून सोडवलं.

पळून गेलेला पहारवाला चार दिवसांनी वाशिमला सापडला, अर्धा कान नसलेला. त्याला सात वर्षांची शिक्षा झाली, तो अजून आत आहे. मुन्ना तीन वर्षं भोगून सुटला. कोर्टात तो म्हणाला, लेकराला बाहेर काढलं असेल असं वाटलं. आता नाक्यावर चहाच्या हॉटेलात कपबश्या धुतो, डाव्या हाताने. मसाजीचं डोकं सांधलं, पण नजर गेली ती गेलीच. दुसऱ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी तो झोपेतच वारला. रामचा खांदा वाकडा बसला. उरलेली मेंढरं विकून त्याने हिंगोलीत वेल्डिंगचं दुकान टाकलं. गेट करतो, जाळ्या करतो. वैष्णवी चार वर्षांची झाली, अंगणवाडीत जाते. डाव्या हाताची दोन बोटं चिकटलेली आहेत, ती सोडवायचं ऑपरेशन पुढच्या उन्हाळ्यात आहे.

सुभद्राबाईवर खटला चालला नाही. पण साक्ष द्यावी लागली. मुन्नाच्या वकिलाने विचारलं, "किती घाव घातले?"

"तीन," ती म्हणाली. "दोन बराबर व्हते. तिसऱ्याच्या वक्ती लेकरू जळत व्हतं, साहेब. तेवढ्यात मी त्याला काढलं असतं."

कोणी तिला हे विचारलं नव्हतं. न्यायाधीशांनी ते लिहूनही घेतलं नाही. मागच्या बाकावर राजनंदिनी बसली होती, तिने मात्र ऐकलं.

सुभद्राबाई गावातच राहते, एकटी. दिवाळीला तिघं येतात. राजनंदिनी सासूच्या पाया पडते, भाकरी थापते, डोक्याला तेल लावून देते. पाणी आणायला निघाली की आधी वैष्णवीला हाक मारते, आणि मायलेकी दोघी मिळून पाण्याला जातात.