लोकरीच्या चड्डीची काळी सवत

मी सायकलवाल्याची लोकरीची चड्डी बोलतेय. हसायचं असेल तर आधी हसून घ्या. मग ऐका.

माझी लोकर मेंढीची, घट्ट विणलेली. बैठकीला आतून मऊ कातड्याचा तुकडा. मालक कारखान्यात लेथवर होते, सुट्टीला सायकलच्या शर्यती मारायचे. शंभर मैल बसून त्यांना कधी फोड आला नाही. ते माझं काम होतं.

पावसात मी भिजून गुडघ्यापर्यंत लोंबायचे. मालक मला खांद्यावरच्या पट्ट्यांनी आवळायचे, टाकून देत नसत. धुतलं की माझं कातडं पत्र्यासारखं कडक व्हायचं. मग मालक डबीतलं मलम घेऊन बोटांनी चोळत बसायचे. अर्धा अर्धा तास.

मालकीणबाई दारातून बघायच्या. "माझ्या टाचांना भेगा पडल्यात. त्यांना कधी बोट लावलंत?"

"तुझ्या टाचांवर बसून शंभर मैल जायचं नाहीये मला."

त्या दिवशी मला फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

मधे एक नायलॉनची आली. चकचकीत होती, पण उन्हात भाजायची. दोन वर्षांत फरशी पुसायला गेली.

मग नातीनं लायक्राची आणली, रबरासारख्या ताणणाऱ्या कापडाची. काळी कुळकुळीत, हातात धरली तर रुमालाएवढी. आत कातडं नाही, फोमची गादी.

"आजोबा, एवढ्या उन्हात लोकर? मेंढी आहात का?"

"चाळीस वर्षं हीच घालतोय."

"एकदा घालून तरी बघा. आणि आत दुसरं काही घालायचं नसतं."

"ते मला शिकवू नकोस."

मालक तिला घालून डोंगरापर्यंत गेले. मी खुंटीवर. मनात म्हटलं, फोड येऊ दे. चांगला लिंबाएवढा. ज्यांच्यासाठी झिजले, त्यांचंच वाईट चिंतलं.

मालक शीळ घालत परतले. तिला नळाखाली धरली, पिळली, दोरीवर टाकली. तासाभरात वाळली. मलमाची डबी बंदच राहिली.

त्यानंतर मला कुणी खुंटीवरून काढलं नाही. कसर लागली. लोकरीची चाळण झाली.

एक दिवस मालकीणबाईंनी मला मांडीवर घेतलं. टाके उसवून कातडं वेगळं केलं. डबी उघडून मलम चोळलं. बोटांना उरलेलं आपल्या टाचेला लावलं.

"आता कळलं ना, कसं वाटतं ते?" त्या मला म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. मग मालकांना हाक मारली, "हिला सायकलच्या पिशवीत ठेवतेय. घाम पुसायला होईल."

लोकर गेली. उरले ती तळहाताएवढी, सीटखालच्या पिशवीत. वर ती काळी, मधे सीट, खाली मी. चार बोटांचं अंतर. जळते अजून.

पण चढावर मालक दम खायला थांबतात, पिशवी उघडतात आणि माझ्यानं कपाळ पुसतात. तिला घाम नकोसा असतो, ती झटकून टाकते. मी पिऊन घेते.

मालक, गुडघे दुखतात, माहीत आहे मला. तरी एवढं ऐका. चढाचा रस्ता सोडू नका.