भिवराबाईच्या पाच गोळ्या

मी मुकादम आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण मुकादम म्हटलं की ऐकणाऱ्याचं अर्धं मत तिथंच बनतं. बनू द्या. पाटोद्याच्या डोंगरात आमचं गाव. गेली बावीस वर्षं मी गावातली वीस-पंचवीस जोडपी घेऊन ऊस तोडायला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यातलं एक जण जरी एक दिवस बसलं तरी दोघांच्या नावावर खाडा पडतो. हंगाम संपला, बाकीची टोळी घराकडं निघाली, की ज्यांचे खाडे असतील त्यांनी मागं राहून तेवढे दिवस तोडून द्यायचे. हा रिवाज मी काढलेला नाही. पण त्रिंबक मुकादम एक खाडा सोडत नाही अशी माझी ख्याती होती, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नव्हतं.

त्या साली पावसानं सलग दुसऱ्यांदा दगा दिला होता. गावात टँकर चालू होता. लांबच्या कारखान्यांनी यंदा टोळ्या नकोत म्हणून कळवलं, म्हणून आम्ही जिल्ह्यातच, उमापूरच्या बाजूला गोदाकाठी गेलो. तिथं थोडाफार ऊस तगला होता, तोही वाळत चाललेला. सहकारी कारखान्याचे सभासद शेतकरी रोज कारखान्याच्या गट ऑफिसात जाऊन भांडायचे. प्रत्येकाला आपलाच फड आधी तोडून हवा होता, कारण दिवस गेला की उसाचं वजन घटायचं. ऑफिसातले माझ्यावर चिडायचे, मी टोळीवर चिडायचो. राग वरून खाली यायला वेळ लागत नाही.

भिवराबाई आणि आश्रुबा हा माझ्या टोळीतला सगळ्यात जुना कोयता. भिवराबाई पंचेचाळिशीची, काटक, बोलायला कमी. त्या श्रावणात तिला सारखी तहान लागायला लागली. टँकरच्या दिवसांत सारखं पाणी मागणाऱ्या बाईला घरात बोलणी बसणारच. शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर शुगर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि कागद दिला. मी सातवी शिकलेला, म्हणून कागद वाचायला दोघं माझ्याकडं आले.

"रोज सकाळी एक गोळी," मी वाचलं. "गोळी घेतली की लगेच खायचं. उपाशी राहायचं नाही. आणि एकही दिवस चुकवायची नाही."

"म्हंजी हितंबी खाडा चालत न्हाई," भिवराबाई म्हणाली.

"माझ्यासारखाच दिसतोय तुझा डॉक्टर," मी म्हणालो. आम्ही तिघंही हसलो.

ऊसतोडीत पहिला घास पोटात जायला दहा-अकरा वाजतात. पण भिवराबाई उजाडायला कोपीसमोर, पाचटाच्या झोपडीसमोर, बसून गोळी घ्यायची आणि वर शिळी चतकोर भाकरी खायची. बाकीच्या बाया कोयत्यांना धार लावायच्या, ही चावत बसायची. मी येता-जाता चिडवायचो, "झाला का बाईसाहेबांचा नाश्ता?" ती लाजायची, पण चतकोर संपवल्याशिवाय उठायची नाही. महिन्या-दीड महिन्यात तिच्या पायाची जुनी जखम भरून आली. चेहऱ्यावर तजेला आला. आश्रुबा मला एकदा म्हणाला, "आबा, बाई माझी परत आली." मला बरं वाटलं होतं.

डिसेंबरात आमचा फड बदलला. ऑफिसनं अर्धी टोळी एका गावाला पाठवली, अर्धी दुसऱ्या. ट्रॅक्टरच्या गडबडीत भिवराबाईची पत्र्याची पेटी दुसऱ्याच ट्रॉलीत चढली. गोळ्या पेटीत होत्या. आश्रुबा दोनदा माझ्याकडं आला, "कुनाला तरी पाठवा आबा, पेटी आनायला." कोस-दीड कोसावर होती ती ट्रॉली. मी म्हणालो, येईल की गुरुवारी ट्रॅक्टर, तेवढ्यासाठी कामावरचा माणूस कशाला मोडू? चार दिवस गेले. पेटी गुरुवारी दुपारी आली.

त्याच दुपारी मी बांधावर उभा राहून फोनवर गट ऑफिसच्या शिव्या खात होतो. आश्रुबा समोर येऊन उभा राहिला.

"आबा, हिच्या चार गोळ्या चुकल्यात. आता कसं करायचं?"

मी फोनवर हात ठेवला. "कसं करायचं म्हंजी? खाडा पडलाय तर भरून काढायचा," मी म्हणालो, आणि परत फोन कानाला लावला.

ते मी गमतीनं म्हणालो की खरोखर, हे मला आजही सांगता येत नाही. त्यानं विचारलं, मी तोंडाला आलं ते उत्तर दिलं. आश्रुबानं मान हलवली आणि गेला.

शुक्रवारी उजाडताच कारखान्याचा ट्रक फडात येऊन हॉर्न वाजवायला लागला. भिवराबाईनं चुकलेल्या चार आणि त्या दिवसाची एक अशा पाच गोळ्या पाण्याबरोबर घेतल्या. एकदमच भरून टाकते, अर्धवट ठेवत न्हाई, असं ती शेजारच्या कोपीतल्या छबुबाईला म्हणाली. भाकरी फडक्यात बांधलेली तशीच राहिली, कारण मी कोपीकोपीवर ओरडत फिरत होतो, "गाडी खोळंबलीय, चला!" तिनं चतकोर खाल्ली की नाही हे त्या दिवशी मी पाहिलं नाही. रोज चिडवायला बरा पाहायचो.

नऊच्या सुमाराला मला ती दिसली. थंडी अशी होती की बाया डोक्याला फडकी गुंडाळून काम करत होत्या, आणि हिच्या गळ्यावरून घाम ओघळत होता. मोळी बांधताना हात थरथरत होते. गाठ सुटायची, ती परत बांधायची, परत सुटायची.

"भिवराबाई, हाताला काय झालंय तुझ्या?" मी ओरडलो.

"आबा, भूक लागलीय लई," ती म्हणाली. "डोळ्यापुढं कसंतरी व्हतंय."

इतक्या वर्षांत तिनं भूक लागली असं माझ्याजवळ कधी म्हटलं नव्हतं. तेवढ्यावरून तरी माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी म्हणालो, "एवढी गाडी भरू दे, मग जेवा सगळे."

थोड्या वेळानं ती छबुबाईला "माय" म्हणून हाक मारायला लागली. छबुबाई तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. बायांना हसू आलं, मग कुणी हसेना. भिवराबाई खाली बसली. आणि मी म्हणालो, "बसलीस तर खाडा धरीन बरं का."

ती उठली. डोक्यावर मोळी घेतली, ट्रकला लावलेल्या फळीवर चढली. अर्ध्यावर जाऊन थांबली. मोळी पडली, मागोमाग ती पडली. खाली वाढ्यांचा, उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, ढीग होता म्हणून डोकं वाचलं.

सगळे धावलो. तिचे डोळे उघडे होते, ओठ हलत होते. छबुबाई पळत जाऊन कोपीतला गुळाचा गार चहा घेऊन आली. आश्रुबानं तिचा हात झटकला. "आगं तिला शुगर हाय! गूळ पाजून मारती का काय?" आणि मीही वरून ओरडलो, "गोड काही देऊ नका!" चहा मातीत सांडला. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तळपाय चोळले. बघता बघता तिचे डोळे पांढरे झाले.

कारखान्याच्या शेतकी खात्याची जीप बांधावर होती. तिच्यात घालून गेवराईला नेलं. वाटेत आश्रुबा तिचं डोकं मांडीवर घेऊन एकच म्हणत होता, "आगं बोल की. आगं भिवरे, बोल की." बावीस वर्षांत त्यानं तिला नावानं हाक मारलेली मी पहिल्यांदा ऐकली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, तिशीच्या. त्यांनी बोटाला सुई टोचली आणि यंत्राकडं पाहून चमकल्या. "एकतीस! सत्तरच्या खाली जाता कामा नये," एवढं म्हणून त्यांनी शिरेत साखरेचं पाणी द्यायला घेतलं. मग विचारलं, "कोणती गोळी? किती घेतल्या?"

आश्रुबानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि पाच बोटं दाखवली.

"पाच? एकदम? हे कोणी सांगितलं?"

आश्रुबानं माझ्याकडं पाहिलं.   चाळीस-पन्नास माणसांवर आवाज चढवणारा मी, त्या पोरीसमोर ते पाकीट हातात घेऊन उलटसुलट करत राहिलो.

पंधरा मिनिटांनी भिवराबाईनं डोळे उघडले. ओळख नव्हती, पण उघडले. तेव्हा डॉक्टरीणबाई आमच्याकडं वळल्या आणि त्यांचा राग बाहेर आला. "चुकलेली गोळी सोडून द्यायची असते. चुकली ती चुकली. दुसऱ्या दिवशी नेहमीची एकच घ्यायची, आणि शंका आली तर आम्हाला विचारायचं. ही गोळी घेऊन उपाशी राहायचंच नाही. घाम सुटला, हात थरथरले, माणूस भलतंच बोलायला लागलं की शुगर खाली गेली. गिळता येतंय तोवर लगेच साखर द्यायची, मग जेवण. बेशुद्ध झाला की मात्र तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना."

"आमी गोड देऊ दिलं न्हाई तिला," आश्रुबा म्हणाला. "शुगर हाय म्हणून."

डॉक्टरीणबाईंनी सलाईनची नळी नीट केली. "तुम्ही उसातच उभे होता ना?" एवढंच म्हणाल्या.

दुपारून शुगर परत खाली गेली. पाच गोळ्यांचा अंमल लवकर उतरणारा नव्हता, म्हणून बीडला हलवलं. तिथं दोन दिवस सलाईन चालू होतं. यंत्रावरचा आकडा चढायचा, आमच्या जिवात जीव यायचा, तासाभरात तो परत उतरायचा. भिवराबाई कधी झोपेत, कधी अर्धवट जागी. डॉक्टर म्हणाले, जगेल असं वाटतंय, पण मेंदूला साखर बराच वेळ मिळाली नाही, शुद्धीवर आली की कळेल काय राहिलं आणि काय गेलं. फडात ट्रक उभे होते, ऑफिसचे फोन येत होते. मी फोन बंद करून टाकला. असं मी आयुष्यात पहिल्यांदा केलं.

दुसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी आश्रुबाला म्हणालो, "भरून काढ म्हणून मी बोललो होतो तुला. चूक माझी आहे."

"ठावं हाय की," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळं मला जास्त लागलं. "पन इचारायला मीच आलतो ना. दुसरं कुनाला इचारनार आबा? पेटीचंबी तुमालाच इचारलं, गोळीचंबी तुमालाच."

तिसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाई जागी झाली. आश्रुबाला ओळखलं. पाणी मागितलं. बोलणं जड होतं आणि उजवा हात नीट वळत नव्हता, पण डोळ्यांत ती स्वतः होती. आश्रुबा रडत रडतच नर्सला बोलवायला धावला. मी खाटेजवळ गेलो. मला तिला सांगायचं होतं, आणि आश्रुबा यायच्या आत सांगायचं होतं.

"भिवराबाई, माझं चुकलं. चुकलेली गोळी भरून काढायची नसते. डॉक्टर म्हणाले, ती सोडून द्यायची. माफ असते ती."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, तिला कळलं नाही. मी परत सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती एकेक शब्द जुळवत बोलली.

"मला कसं ठावं असनार आबा? आमची पोर गेली तवा मी तीन दिस कोपीत बसले व्हते. सा महिन्याची व्हती, तापानं गेली. कॅनॉलच्या कडंला पुरली. ते तीन दिस तुमी भरून घेतले. समदी टोळी घरी गेली, आन् आमी दोघं मागं राहून तोडत बसलो." ती दम घ्यायला थांबली. "मला वाटलं, पोरीचं जर माफ न्हाई, तर गोळीचं कसं माफ आसंल?"

तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी विचारलं म्हणून हिशेब सांगावा तसंही नाही. तिला खरंच तसं वाटलं होतं, ते तिनं सांगितलं. आश्रुबा नर्सला घेऊन आला, नर्सनं मला बाजूला व्हायला सांगितलं, आणि मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

ती पोर, तो कॅनॉल, ते तीन दिवस, कोणता हंगाम, कोणता फड. मी डोकं खाजवून खाजवून पाहिलं. कॅनॉल तर बावीस वर्षांत किती पाहिले. मी आश्रुबाला बाहेर बोलावून वर्ष विचारलं, त्यानं सांगितलं. तरी काही नाही. बाकी ज्या ज्या माणसानं दांडी मारली त्याचं नाव मला पाठ आहे, पण भिवराबाईची मुलगी मला आठवतच नव्हती.